फोटोंची ठेव कुणाकडे?



आमच्या वाशी परिसरातल्या बचत गटांच्या बैठकीत हप्ते जमा झाले, व्याजाचा हिशेब झाला, की हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. "ताई, मोबाइल सारखा सांगतोय जागा भरली. फोटो क्लाउडवर टाकू का म्हणून विचारतोय. हो म्हणू की नको म्हणू?" एक म्हणते, टाक गं, काही होत नाही. दुसरी म्हणते, नको बाई, लेकीबाळींचे फोटो परक्याच्या घरात कशाला ठेवायचे? दोघींच्याही बोलण्यात तथ्य आहे. म्हणून आम्ही समन्वयक बायकांनी ठरवलं, की उत्तर देण्याआधी थोडं मागे जाऊन बघू. ठेवणीतल्या वस्तू आधीच्या लोकांनी कशा जपल्या, त्यातलं काय टिकलं आणि काय गेलं, हे कळलं तर आपलं आपल्याला ठरवता येईल.

आधी हा क्लाउड आहे कुठे ते बघू. क्लाउड म्हणजे ढग. नाव ऐकून वाटतं, फोटो आभाळात जात असतील. तसं काही नाही. आपल्या मोबाइलमधला फोटो इंटरनेटवरून निघतो आणि कुठल्या तरी मोठ्या इमारतीतल्या कॉम्प्युटरमध्ये जाऊन बसतो. अशा इमारतीला डेटा सेंटर म्हणतात. आत कपाटांच्या रांगाच्या रांगा, त्यांत कॉम्प्युटर, ते तापू नयेत म्हणून रात्रंदिवस चालणारी थंड हवेची यंत्रं, आणि वीज गेली तर चालू व्हायला जनरेटर. देशात अशा इमारती सगळ्यात जास्त ज्या भागात आहेत, त्यात आपला ठाणे-बेलापूर पट्टा येतो. ऐरोली, रबाळे, महापे इथे त्या रस्त्यावरून दिसतात. पनवेलजवळचं एक मोठं डेटा सेंटर २०२० साली सुरू झालं. तुमचा फोटो नेमका याच इमारतींत असेल असं नाही. तो सिंगापूरलाही असू शकतो, अमेरिकेतही असू शकतो. पण जिथे असेल तिथे जमिनीवरच आहे, आणि त्या जागेला मालक आहे.

आणि जमीन म्हटलं की इथल्या बायकांना आपला इतिहास आठवतो. आज जिथे वाशीचे सेक्टर आहेत, तिथे भातशेती होती, खाजणं होती, खाडीची मासेमारी होती. वाशीगाव, जुहूगाव, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली ही आगरी-कोळ्यांची गावं. १९७० साली १७ मार्चला सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. १९७३ साली खाडीवर पूल झाला, १९९२ साली रेल्वे वाशीला पोचली. मधल्या काळात जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोठं आंदोलन झालं. १९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, जासई आणि दास्तान फाट्याच्या परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली.

हे सगळं इथे सांगण्याचं कारण फोटोच आहे. ज्या शेतात सासूनं लावणी केली, ते शेत आता कुठल्या इमारतीखाली आहे, हे नातवाला दाखवायला काय उरलं? एखाद्या घरात भिंतीवर टांगलेला एक काळा-पांढरा फोटो. मागे कौलारू घर, अंगणात भाताची उडवी, पुढे नऊवारीतली आजी. गाव गेलं, शेत गेलं, फोटो राहिला. अशा घरातल्या बाईला, "फोटो काय, पुन्हा काढता येईल," असं कुणी म्हणू शकत नाही. तो पुन्हा काढता येत नाही.

आपल्याकडे फोटो आले तेच मुळी मोजक्या लोकांसाठी. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफीची हौस असणाऱ्यांची एक संस्था निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे भाऊ नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले फोटोग्राफर. पण कष्टकरी घरांतल्या बायकांपर्यंत कॅमेरा पोचायला फार वर्षं लागली. लग्नात एखादा फोटो निघाला तर निघाला. १९९३ साली निवडणूक आयोगानं मतदारांना फोटो असलेलं ओळखपत्र द्यायचं ठरवलं आणि पुढच्या काही वर्षांत गावोगाव शाळेच्या ओट्यावर रांगा लागल्या. आमच्या गटांतल्या कितीतरी जणींच्या आजीचा एकुलता एक फोटो त्या ओळखपत्रावरचा आहे. आजी गेल्यावर तोच मोठा करून हार घातलेला.

मग रोलचे कॅमेरे आले. एका रोलवर ३६ फोटो, त्यामुळे प्रत्येक फोटो विचार करून काढायचा. निगेटिव्ह बहुतेक वेळा स्टुडिओवाल्याकडेच राहायची. तीही एक ठेवच होती. आपण कधी विचारलं नाही, की दुकान बंद झालं तर आमच्या निगेटिव्हचं काय? दुकानं बंद झाली आणि निगेटिव्ह भंगारात गेल्या. मग सीडी आली, ती आता लावायची कशात हाच प्रश्न. मग मेमरी कार्ड आलं, नखाएवढं, हरवायला सोपं. म्हणजे ठेव ठेवायची जागा गेल्या ३० वर्षांत चार-पाच वेळा बदलली. क्लाउड ही त्यातली सध्याची जागा. शेवटची असेलच असं नाही.

आता काय गेलं ते बघू. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि पुण्यात नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं. लोक जीव घेऊन पळाले, घरातलं सामानसुमान, कागदपत्रं मागे राहिली. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाड. पूर ओसरला की भांडी घासून घेता येतात, धान्य पुन्हा भरता येतं, कपडे कुणीतरी देतं. चिखलात भिजून एकमेकांना चिकटलेला लग्नाचा अल्बम मात्र कुणी देत नाही. त्या अल्बममधले जे फोटो माहेरच्या घरी, नणंदेकडे, मुंबईच्या भावाकडे होते, तेवढे परत मिळाले.

पुण्यातली आणखी एक गोष्ट. प्रभात कंपनीच्या जुन्या आवारात, जिथे आता फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तिथल्या गोदामात सरकारी फिल्म संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिल्म ठेवलेल्या होत्या. ही फिल्म फार लवकर पेट घेते. ८ जानेवारी २००३ ला तिथे आग लागली आणि हजारो रिळं जळाली. जपायचं म्हणूनच ती तिथे ठेवली होती, सरकारी देखरेखीत होती, तरी जळाली. पण ज्या चित्रपटांच्या प्रती आधीच नव्या फिल्मवर काढून ठेवल्या होत्या, ते वाचले. १९३६ चा 'संत तुकाराम' आपण आजही बघू शकतो.

पूर काय, आग काय, दोन्ही ठिकाणी एकच दिसतं. जे एकाच जागी होतं ते गेलं. ज्याची प्रत दुसऱ्या घरी होती ते राहिलं. घर पक्कं होतं की कच्चं, कपाट लोखंडी होतं की लाकडी, याला फार महत्त्व राहिलं नाही.

आपल्या बायकांची सगळ्यात मोठी ठेव अशीच टिकली आहे. जात्यावरच्या ओव्या. त्या कुठल्या वहीत नव्हत्या. आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे, शेजारणीकडून शेजारणीकडे गेल्या. एकीची ओवी दहाजणींच्या तोंडी. पण घरात गिरणीचं पीठ आलं, जातं कोपऱ्यात गेलं आणि ओव्या विसरायला लागल्या. तेव्हा पुण्यातल्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसोबत गावोगाव जाऊन त्या लिहून घेतल्या, नंतर आवाजही ध्वनिमुद्रित केले. हजाराहून जास्त गावं आणि एक लाखाहून जास्त ओव्या. २०१७ पासून त्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहातून इंटरनेटवर प्रसिद्ध होऊ लागल्या. म्हणजे आपल्या आज्यांच्या ओव्या आधीच क्लाउडवर जाऊन बसल्या आहेत. आणि महत्त्वाचं म्हणजे ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव नोंदवलेलं आहे. नाव लिहिलं म्हणून ती ओवी आज शोधता येते. आपल्या मोबाइलमधल्या हजारो फोटोंत कोण आहे, कुठलं गाव, कुठलं साल, हे किती जणींनी लिहून ठेवलंय?

नावावरून होमाई व्यारावालांची गोष्ट सांगितलीच पाहिजे. १९१३ साली नवसारीत जन्म, मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिक्षण, आणि पुढे भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. स्वातंत्र्याच्या काळातले कितीतरी गाजलेले फोटो त्यांचे आहेत. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. पण सुरुवातीच्या काळात त्यांनी काढलेले फोटो छापून यायचे ते त्यांच्या पतीच्या नावानं. बाईचं नाव कुणाला माहीत नाही, बाईच्या नावानं फोटो कोण छापणार, असा तो काळ.

मैत्रिणींनो, काळ बदलला म्हणतो, पण आमच्या गटांत विचारून बघितलं तर काय दिसलं? मोबाइल बाईचा, फोटो तिनं काढलेले, आणि ते जिथे साठतात ते खातं मात्र नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या नावाचं. पासवर्ड पुतण्याला माहीत. एका गटातल्या ताईंचे यजमान अचानक गेले. फोटो सगळे क्लाउडवर होते, पण खातं यजमानांच्या नंबरावर. रिचार्ज थांबलं, सिम बंद पडलं, ओटीपी येईना. पाच वर्षांचे फोटो कुठेतरी सुखरूप असतील, पण ताईंना उघडता येत नाहीत. दशक्रियेला लावायचा फोटो शेवटी नणंदेच्या व्हॉट्सअॅपमधून मिळाला. बँकेत आपण स्वतःच्या नावानं खातं उघडण्यासाठी किती झगडलो ते आठवा. फोटोंचं खातंही तसंच आपल्या नावानं, आपल्या नंबरावर हवं. काही गटांत पैशाच्या पेटीला तीन कुलपं असतात आणि किल्ल्या तिघींकडे. किल्ली कुणाकडे हा प्रश्न आपल्याला नवा नाही.

दुसरी गोष्ट अटींची. २०१५ साली गूगल फोटो ही सोय सुरू झाली तेव्हा फोटो कितीही ठेवा, फुकट, असं होतं. लोकांनी ठेवले. १ जून २०२१ पासून नियम बदलला. आता १५ जीबी जागा फुकट, त्यापुढे पैसे. त्या १५ जीबीत फोटो, ईमेल, इतर फायली सगळं आलं, आणि आता व्हॉट्सअॅपचा बॅकअपही. एक फोटो तीन-चार एमबीचा धरला तर साधारण चार-पाच हजार फोटोंत ती जागा संपते, व्हिडिओ असले तर त्याहून लवकर. शिवाय खातं दोन वर्षं वापरलंच नाही, तर कंपनी ते बंद करून आतलं सगळं काढून टाकू शकते. यात फसवणूक नाही, अटींत लिहिलेलं असतं. पण आपण सावकाराच्या कागदावर न वाचता अंगठा उठवणाऱ्या पिढीच्या लेकी-नाती आहोत. अटी बदलणं ठेव ठेवून घेणाऱ्याच्या हातात आहे, एवढं लक्षात ठेवून ठेव ठेवावी.

तिसरी गोष्ट अब्रूची, आणि बायका सगळ्यात जास्त तिलाच घाबरतात. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं सांगितलं, की खासगीपणा हा आपला मूलभूत हक्क आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ई प्रमाणे कुणाच्या शरीराच्या खासगी भागाचा फोटो संमतीशिवाय काढणं किंवा पसरवणं हा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. २०२३ साली वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. कायदा पाठीशी आहे. तरी आमचा अनुभव असा, की फोटो बाहेर जातात ते बहुतेक वेळा इमारतीचं कुलूप तोडून नव्हे. सोपा पासवर्ड, कुणालाही सांगितलेला ओटीपी, दुरुस्तीला उघडाच दिलेला मोबाइल, विकलेला जुना मोबाइल, अशा वाटांनी जातात. असं काही झालंच तर बाईनं लाजून गप्प बसू नये. १९३० हा ऑनलाइन पैशाच्या फसवणुकीसाठीचा सरकारी नंबर आहे. फोटोच्या बाबतीत सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या संकेतस्थळावर किंवा थेट पोलिस ठाण्यात तक्रार करता येते. सोबत गटातली एक मैत्रीण न्यावी.

मग क्लाउडला हो म्हणायचं की नाही? आमच्या गटांत चर्चा होऊन जे ठरलं ते सांगतो. हो म्हणायचं, पण ती एकच जागा ठेवायची नाही. पूर आला, मोबाइल पडला, चोरीला गेला, तर क्लाउडवरची प्रत उपयोगी पडते. खातं बंद झालं, अटी बदलल्या, तर घरातली प्रत उपयोगी पडते. दोन्ही हव्यात.

त्यासाठी पहिलं काम, खातं आपल्या नावाचं आणि चालू नंबरावरचं करणं. पासवर्ड मुलाच्या वाढदिवसाचा नको. तो वहीत लिहायचा आणि वही दागिन्यांसारखी जपायची. गूगलच्या खात्यात इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर नावाची सोय आहे. बँकेत वारस लावतो तसं, आपण बराच काळ खातं वापरलं नाही तर कुणाला उघडता यावं, ते आधी नोंदवून ठेवता येतं.

दुसरं, फोटो निवडणं. सकाळच्या शुभेच्छांची फुलं आणि देवांची चित्रं आधी पुसून टाकली, तरी निम्मी जागा मोकळी होते. पण पुसताना सांभाळा. बॅकअप चालू असताना गूगल फोटोमधून फोटो पुसला, तर तो मोबाइलमधूनही जातो आणि क्लाउडवरूनही. बॅकअप झालेला फोटो कचऱ्याच्या डब्यात ६० दिवस राहतो, तेवढ्यात परत आणता येतो. फक्त मोबाइलमधली जागा मोकळी करायची असेल तर त्यासाठी 'फ्री अप स्पेस' हे वेगळं बटण आहे, तेच दाबायचं.

तिसरं, काय ठेवायचं नाही ते ठरवणं. बँकेचा पिन, एटीएम कार्डाचा फोटो, कोऱ्या कागदावरची सही, जे चारचौघांत दाखवणार नाही असे फोटो, हे क्लाउडवर नको आणि खरं तर मोबाइलमध्येही नको. आधार, जातीचा दाखला यांच्यासाठी सरकारचं डिजिलॉकर २०१५ पासून आहे, ते वापरावं. गटातल्या दुसऱ्या बाईचा किंवा तिच्या मुलीचा फोटो कुठेही टाकण्याआधी तिला विचारायचं.

चौथं, वर्षातून एकदा, संक्रांतीच्या सुमारास म्हणा, घरातले दहा-वीस महत्त्वाचे फोटो छापून घ्यायचे. मागच्या बाजूला बॉलपेनानं दाबून न लिहिता मऊ पेन्सिलीनं नाव, गाव आणि साल लिहायचं. एक संच आपल्याकडे, एक माहेरी किंवा बहिणीकडे. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की त्याचा दर्जा कमी होतो, म्हणून बहिणीला पाठवताना तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा.

पुढच्या महिन्याच्या बैठकीला आमच्या प्रत्येक गटातली बाई घरातला सगळ्यात जुना फोटो घेऊन येणार आहे. ज्यांना फोटोतली माणसं ओळखू येतात त्या म्हाताऱ्या अजून आहेत तोवर त्यांच्याकडून नावं विचारून घ्यायची, मागे लिहायची, मग मोबाइलवर त्याचा फोटो काढून क्लाउडवर चढवायचा. हे तुम्हीही तुमच्या गटात करा. सुरुवात नावं विचारण्यापासून करा. क्लाउड थांबेल, म्हाताऱ्या थांबणार नाहीत.